जेम्स प्रिन्सेप
जेम्स प्रिन्सेप (२० ऑगस्ट, इ.स. १७९९ – २२ एप्रिल, इ.स. १८४०) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बनारस आणि कलकत्ता येथील टांकसाळींतील इंग्रज धातुपरीक्षक, वजनमापांचे सुधारक, नाणेशास्त्रज्ञ आणि पुरालिपितज्ज्ञ होते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीचे वाचन ही त्यांची सर्वाधिक ज्ञात कामगिरी होय. मात्र ज्या कामासाठी ते भारतात आले आणि ज्यावर त्यांचा उदरनिर्वाह चालत असे, ते काम सोन्याचांदीचा कस आणि वजन ठरवण्याचे होते. इ.स. १८३३ मध्ये तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे निश्चित झाले, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. आज सोन्याच्या व्यवहारात एक तोळा म्हणजे ११.६६३८ ग्रॅम असे जे समीकरण दिले जाते, त्याचे मूळ याच निर्णयात आहे.

प्रारंभिक जीवन

जेम्स हे जॉन प्रिन्सेप आणि सोफिया एलिझाबेथ ऑरिओल यांचे दहावे अपत्य आणि सातवे पुत्र होते. वडील जॉन प्रिन्सेप इ.स. १७७१ मध्ये जवळजवळ रिकाम्या हाताने भारतात आले होते. निळीच्या व्यवसायात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली आणि इ.स. १७८७ मध्ये ते इंग्लंडला परतले. तेथेही त्यांनी भारताशी व्यापार चालू ठेवला. परंतु पुढे व्यापारात खोट आल्याने कुटुंबाला इ.स. १८०९ मध्ये क्लिफ्टन येथे स्थलांतर करावे लागले. जेम्स यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. वडील भावंडांकडून घरीच ते बरेच काही शिकले.

बारीक रेखाटन आणि यंत्ररचना यांची जेम्स यांना लहानपणापासून आवड होती. ती पाहून त्यांना वास्तुरचनेच्या शिक्षणासाठी ऑगस्टस प्युजिन यांच्या हाताखाली ठेवण्यात आले. परंतु डोळ्यांच्या आजारामुळे दृष्टी अधू झाली आणि हा व्यवसाय त्यांना सोडावा लागला. भारतातील टांकसाळीत धातुपरीक्षकाची जागा मिळण्याची शक्यता वडिलांना ठाऊक होती. त्यानुसार जेम्स यांनी लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि नंतर शाही टांकसाळीचे धातुपरीक्षक रॉबर्ट बिंग्ली यांच्याकडे उमेदवारी केली. १५ सप्टेंबर १८१९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते भाऊ हेन्री थोबी प्रिन्सेप यांच्यासह कलकत्त्यास पोहोचले.

धातुपरीक्षकाचे काम

टांकसाळीत चांदी येई ती अनेक रूपांत: परदेशी नाणी, जुने रुपये, मोडीचे दागिने आणि लगडी. त्यांतील शुद्ध चांदी किती हे ठरवल्याशिवाय धनकोला किती रुपये द्यायचे हे ठरत नसे. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस ओळखत. परंतु टांकसाळीला त्याहून काटेकोर उत्तर हवे असे. त्यासाठी धातूचा लहानसा तुकडा तोलून शिशासह हाडांच्या राखेच्या मुशीत तापवला जाई. तापलेल्या शिशाची भस्मे तांब्यासारखे हीण आपल्यात ओढून घेत आणि मुशीच्या राखेत जिरत. शेवटी उरे तो शुद्ध चांदीचा मणी. आरंभीचे वजन आणि मण्याचे वजन यांच्या गुणोत्तरावरून कस निघे. नमुन्यात सोने असेल, तर नंतर नायट्रिक आम्लाने चांदी विरघळवून सोने वेगळे करावे लागे.

या पद्धतीत दोन गोष्टी निर्णायक ठरतात: भट्टीचे तापमान आणि तराजूची सूक्ष्मता. नमुना लहान असल्याने तोलण्यातील अल्पशी चूकही हजारो रुपयांच्या चांदीच्या हिशेबात अनेकपटींनी वाढते. प्रिन्सेप यांनी या दोन्ही प्रश्नांवर संशोधन केले. भट्टीतील उच्च तापमान मोजण्यासाठी त्यांनी सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रधातू तयार केले. प्रत्येक मिश्रधातू वेगळ्या तापमानास वितळत असल्याने, कोणता तुकडा वितळला आणि कोणता तसाच राहिला हे पाहून भट्टीची उष्णता कळे. सोन्याच्या पोकळ गोळ्यातील हवेच्या प्रसरणावर चालणारा तापमापकही त्यांनी बनवला. हे संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात इ.स. १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे त्यांना सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. ग्रेनच्या तीन हजाराव्या भागाइतका फरक दाखवणारा तराजू त्यांनी तयार केल्याचीही नोंद आहे.

बनारसमधील वर्षे

कलकत्ता टांकसाळीत त्यांचे वरिष्ठ होते संस्कृतचे अभ्यासक होरेस हेमन विल्सन. त्यांनी वर्षभराच्या आतच प्रिन्सेप यांना बनारसच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून पाठवले. ती टांकसाळ इ.स. १८३० मध्ये बंद होईपर्यंत प्रिन्सेप तेथेच राहिले.

वास्तुविद्येचे अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांना येथे उपयोगी पडले. त्यांनी शहराची मोजणी करून तपशीलवार नकाशा तयार केला आणि लोकसंख्येची गणना केली. शहराच्या दाट वस्तीतील तुंबलेल्या तळ्यांचे पाणी गंगेत सोडण्यासाठी कमानीचे भुयारी गटार बांधण्यात त्यांचा सहभाग होता. कर्मनाशा नदीवर त्यांनी दगडी पूल उभारला. या नदीच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्यक्षय होतो अशी समजूत असल्यामुळे यात्रेकरूंना नदी ओलांडणे अवघड वाटे. औरंगजेबाच्या काळातील मशिदीचे ढासळू लागलेले मिनारही त्यांनी दुरुस्त केले. घाट, मंदिरे आणि उत्सव यांची त्यांनी काढलेली चित्रे इ.स. १८३० ते १८३४ या काळात संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली.

बनारस हे तीर्थक्षेत्र तसेच मोठी पेढी असलेले व्यापारी शहर असल्याने देशाच्या सर्व भागांतील नाणी तेथील सराफांकडे येत. जुन्या नाण्यांविषयीचे प्रिन्सेप यांचे कुतूहल याच काळात वाढले. त्याचबरोबर रोजच्या व्यवहारातील रुपया हे एकच नाव किती वेगवेगळ्या वजनांना दिले जाते, हेही त्यांना कामाच्या ओघात पाहावयास मिळाले.

कलकत्ता टांकसाळ

बनारसची टांकसाळ बंद झाल्यावर प्रिन्सेप कलकत्त्यास उपधातुपरीक्षक म्हणून परतले. मेजर विल्यम नेअर्न फोर्ब्स यांनी ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधलेली नवी टांकसाळ नुकतीच सुरू झाली होती आणि तेथील यंत्रे वाफेवर चालत. इ.स. १८३२ मध्ये विल्सन यांनी पद सोडले. त्यांनी आपल्या जागी दुसऱ्या व्यक्तीची शिफारस केली होती. तरीही धातुपरीक्षकपद प्रिन्सेप यांना मिळाले. याच वर्षी विल्सन यांच्यानंतर ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे चिटणीसही झाले. त्यांचे भाऊ थॉमस यांचे इ.स. १८३० मध्ये निधन झाले होते. त्यांनी आखलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या कालव्याचे काम पुरे करण्याची जबाबदारीही जेम्स यांनी स्वीकारली.

वजनमापांतील गोंधळ

त्या काळी कंपनीच्या मुलखात मण या एकाच नावाची अनेक वजने प्रचलित होती. बंगालमध्ये कंपनीच्या वखारींतील मण सुमारे ७४ पौंड १०⅔ औंसांचा, तर बाजारातील मण त्याहून दहा टक्क्यांनी जड, म्हणजे सुमारे ८२ पौंड २ औंसांचा होता. मुंबईचा मण अवघा २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा होता. मुंबईत ठरलेला मणाचा भाव कलकत्त्यास तीनपट वजनाला लागू पडला असता.

रुपयांची स्थिती याहून वेगळी नव्हती. बंगालमध्ये सिक्का रुपया चाले. इ.स. १८१८ पूर्वी त्याचे वजन १७९.६६६ ग्रेन होते. त्या वर्षी त्यातील शुद्ध चांदी तेवढीच ठेवून हीण वाढवण्यात आले आणि वजन १९१.९१६ ग्रेन झाले. वायव्येकडील प्रांतांत १८०.२३४ ग्रेनचा फरुखाबादी रुपया चाले. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत १८० ग्रेनचा रुपया होता. त्यांशिवाय संस्थानांची आणि जुन्या राजवटींची नाणी होतीच. दख्खनमध्ये पेशवाईच्या काळापासूनचे चांदवडी आणि अंकुशी रुपये लोकांच्या हाती होते.

या विविधतेचा भार शेवटी सामान्य माणसावर पडे. शेतसारा एका रुपयात भरायचा, धान्य दुसऱ्या रुपयात विकायचे आणि मजुरी तिसऱ्यात घ्यायची, अशा व्यवहारात प्रत्येक वेळी नाणे बदलून घ्यावे लागे. सराफ त्यावर बट्टा कापून घेत. नाण्याचे खरे मूल्य जाणण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही, त्याला सांगितलेला बट्टा मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे.

वजनाचा प्रश्न नाण्याशी जोडलेला होता, कारण बाजारातील वजने रुपयांवरूनच बांधलेली होती. बंगालचा बाजारी शेर म्हणजे ८० जुन्या सिक्का रुपयांचे वजन आणि मण म्हणजे असे ४० शेर. सिक्का रुपयाचे वजन १८१८ मध्ये बदलले, तरी बाजारात जुनेच सिक्का वजन चालू राहिले. परिणामी हातातील रुपया आणि तराजूतील रुपयाभार यांचा मेळ राहिला नाही.

तोळ्याचे १८० ग्रेन

इ.स. १८३३ मध्ये प्रिन्सेप यांनी वजने व नाणी यांच्या एकत्रित सुधारणेचा आग्रह धरला. त्याच वर्षीच्या बंगाल सरकारच्या सातव्या विनियमाने ही सुधारणा प्रत्यक्षात आली. त्यात नवे वजन शोधून काढण्यात आले नाही. प्रचलित वजनांनाच अगदी थोडे सरकवून पूर्णांकांवर आणण्यात आले. फरुखाबादी रुपया १८०.२३४ वरून १८० ग्रेन करण्यात आला आणि त्यामुळे तो मद्रास व मुंबईच्या रुपयाशी जुळला. सिक्का रुपया १९१.९१६ वरून १९२ ग्रेन करण्यात आला, त्यामुळे १५ सिक्का रुपये बरोबर १६ नव्या रुपयांइतके झाले. १७९.६६६ ग्रेनच्या जुन्या सिक्का वजनाऐवजी १८० ग्रेनचा तोळा हे वजनाचे मूळ एकक ठरले.

यातील कोणताही बदल अर्ध्या ग्रेनहून मोठा नव्हता. तरीही त्याचा परिणाम दूरगामी झाला. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला, तर मणात ३,२०० तोळे, म्हणजे ५,७६,००० ग्रेन येतात. इंग्लंडमध्ये सोन्याचांदीसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रॉय पद्धतीत एका पौंडाचे ५,७६० ग्रेन होतात. म्हणजे नवा मण बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा झाला. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा असल्याने एक तोळा हा बरोबर ३/८ ट्रॉय औंस ठरला; ८ तोळे म्हणजे ३ औंस. बंगालचा दुकानदार आणि लंडनचा चांदीचा व्यापारी यांच्या वजनांमध्ये अपूर्णांकांची जी गुंतागुंत होती, ती सुटली. दुसरीकडे, बाजारी मण ८२ पौंड २ औंसांवरून सुमारे ८२ पौंड ४½ औंस झाला. हा फरक हजारात दोन भागांहूनही कमी असल्याने ग्राहकाला नवे माप परके वाटले नाही.

तोळ्याचे पोटभागही परंपरागतच ठेवले गेले. ८ रतींचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा. मराठीत रतीला गुंज म्हणतात, कारण हे वजन मुळात गुंजेच्या बीवरून आले. खरी बी कधी हलकी तर कधी जड भरते. नव्या पद्धतीत मात्र गुंज म्हणजे तोळ्याचा ९६ वा भाग, म्हणजे १.८७५ ग्रेन, असे तिचे मूल्य पक्के झाले.

कंपनीचा रुपया

इ.स. १८३५ च्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया निश्चित करण्यात आला. १ सप्टेंबर १८३५ पासून तो अमलात आला. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी व १५ ग्रेन हीण होते, म्हणजे बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्यावर मोगल बादशहाच्या नावाऐवजी चौथ्या विल्यमची मुद्रा आली. पंधरा रुपयांच्या सोन्याच्या मोहोरेचे वजनही १८० ग्रेनच ठेवण्यात आले. सिक्का रुपया १ जानेवारी १८३८ पासून चलनातून बाद झाला.

या रचनेमुळे नवा रुपया हा स्वतःच एक तोळ्याचे वजन झाला. वजनांचा संच नसलेल्या खेड्यातील माणसालाही न झिजलेले रुपये तराजूच्या पारड्यात टाकून तोळे मोजता येत. पाच रुपयांची छटाक, ऐंशी रुपयांचा शेर. दुकानदाराच्या वजनाविषयी शंका आली, तर ती पडताळण्याचे साधन ग्राहकाच्या कनवटीलाच असे. चांदीच्या रुपयाचे हे वजन पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ, एकोणीसशे चाळीसच्या सुमारापर्यंत, कायम राहिले.

इ.स. १८३४ मध्ये प्रिन्सेप यांनी ब्रिटिश भारतातील नाणी, वजने व मापे यांची उपयुक्त कोष्टके एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला जोडून प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्रांतांतील रुपयांचे वजन, त्यांचा कस आणि एका मापाचे दुसऱ्यात रूपांतर यांची माहिती त्यांत एकत्र मिळे. इ.स. १८५८ मध्ये एडवर्ड टॉमस यांनी प्रिन्सेप यांचे निबंध संपादित केले, तेव्हा ही कोष्टकेही पुन्हा छापण्यात आली.

नाणी आणि लिपी

प्रिन्सेप यांचे संशोधन आणि टांकसाळीतील नोकरी या दोन वेगळ्या वाटा नव्हत्या. कॅप्टन हर्बर्ट यांनी सुरू केलेल्या विज्ञानविषयक मासिकाचे संपादन इ.स. १८३० मध्ये त्यांच्याकडे आले. त्यातूनच इ.स. १८३२ मध्ये एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक उभे राहिले आणि प्रिन्सेप त्याचे पहिले संपादक झाले. देशभरातील लष्करी अधिकारी, अभियंते आणि धर्मोपदेशक त्यांच्याकडे नाणी व शिलालेखांचे ठसे पाठवू लागले. त्यांची चित्रे प्रिन्सेप बहुधा स्वतःच्या हाताने छपाईसाठी तयार करीत. अलेक्झांडर कनिंगहॅम हे तरुण लष्करी अभियंता या कामात त्यांचे निकटचे सहकारी बनले.

वायव्येकडून आलेल्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस अज्ञात लिपी असे. ग्रीक नावांच्या आधारे प्रिन्सेप यांनी खरोष्ठी लिपीतील अनेक अक्षरे ओळखली. दिल्ली आणि अलाहाबाद येथील स्तंभांवरील दुसरी लिपी मात्र दीर्घकाळ कोडे बनून राहिली होती. इ.स. १८३६ मध्ये क्रिस्टियन लासेन यांनी अगाथोक्लीस या ग्रीक राजाच्या नाण्यावरून त्या लिपीतील काही अक्षरे वाचली. पुढील वर्षी कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपाभोवतालच्या कठड्यावरील अनेक छोटे लेख उतरवून पाठवले. बहुतेक लेखांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होत असल्याचे प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले. भाविकांनी अर्पण केलेल्या दगडांवर दान हाच शब्द असणार, असा तर्क त्यांनी केला. त्यावरून द आणि न ही अक्षरे निश्चित झाली आणि थोड्याच काळात संपूर्ण वर्णमाला उलगडली.

स्तंभलेखांतील देवानंपिय पियदसी हा राजा कोण, याचे उत्तर सिंहलद्वीपातील जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे दिले: तो मौर्य सम्राट अशोक होता. गिरनारच्या शिलालेखाची कापडावर घेतलेली प्रत मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्यामार्फत प्रिन्सेप यांच्याकडे आली. तीत अँटिओकस आणि टॉलेमी या ग्रीक राजांची नावे असल्याचे त्यांनी इ.स. १८३८ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे प्राचीन भारताच्या कालगणनेला ग्रीक इतिहासाचा आधार मिळाला. महाराष्ट्रातील कार्ले, नाशिक, जुन्नर यांसारख्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांच्या पुढील अभ्यासालाही या वाचनाचा पाया लाभला.

आजार आणि मृत्यू

प्रिन्सेप यांचा विवाह २५ एप्रिल १८३५ रोजी कलकत्त्याच्या कॅथीड्रलमध्ये हॅरिएट सोफिया ऑबर्ट यांच्याशी झाला. इ.स. १८३७ मध्ये त्यांना एलायझा ही कन्या झाली. टांकसाळीचे काम, सोसायटीची चिटणिशी, नियतकालिकाचे संपादन आणि लिपीचे संशोधन हे सर्व ते एकाच वेळी करीत होते. इ.स. १८३८ मध्ये त्यांना वारंवार तीव्र डोकेदुखी होऊ लागली. सुरुवातीस हा पित्ताचा विकार समजला गेला. नोव्हेंबर १८३८ मध्ये त्यांना सर्व काम सोडून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढावे लागले. इंग्लंडला पोहोचेपर्यंत प्रकृती फारच खालावली होती. त्यातून ते सावरले नाहीत आणि २२ एप्रिल १८४० रोजी लंडन येथे, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. निश्चित केलेल्या रुपयाला तेव्हा पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

तोळा आणि मेट्रिक वजने

इ.स. १८७०–७१ मध्ये सरकारने शेराला किलोग्रॅमइतके मानणारा कायदा केला. परंतु तो अमलात आला नाही आणि तोळ्यावर आधारलेली वजनेच चालू राहिली. इ.स. १९३९ च्या प्रमाण वजन कायद्यानेही १८० ग्रेनचाच तोळा मान्य केला. स्वातंत्र्यानंतर इ.स. १९५६ च्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनांचा वापर टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्या वेळी जुन्या वजनांचे नव्यात रूपांतर करण्यासाठी १८० ग्रेन हाच दुवा ठरला. एक ग्रेन म्हणजे ०.०६४७९८९१ ग्रॅम, त्याला १८० ने गुणले की ११.६६३८०३८ ग्रॅम हे तोळ्याचे वजन मिळते.

या मूल्यावरून निघणारी प्रमुख रूपांतरे अशी:

१ गुंज = ०.१२१५ ग्रॅम
१ मासा (८ गुंजा) = ०.९७२ ग्रॅम
१ तोळा (१२ मासे) = ११.६६३८ ग्रॅम
१ छटाक (५ तोळे) = ५८.३१९ ग्रॅम
१ शेर (८० तोळे) = ९३३.१० ग्रॅम
१ मण (४० शेर) = ३७.३२४ किलोग्रॅम
१ ट्रॉय औंस (२⅔ तोळे) = ३१.१०३५ ग्रॅम
१० ग्रॅम = ०.८५७४ तोळा
१ किलोग्रॅम = ८५.७३५ तोळे = ३२.१५०७ ट्रॉय औंस

ग्रॅमचे तोळे करण्यासाठी ग्रॅमला ११.६६३८ ने भागावे. उरलेल्या अपूर्णांकाला १२ ने गुणले की मासे आणि त्यातील अपूर्णांकाला ८ ने गुणले की गुंजा मिळतात. उदाहरणार्थ, २५ ग्रॅम सोने म्हणजे २.१४३४ तोळे, अर्थात २ तोळे, १ मासा आणि ६ गुंजांहून किंचित कमी. ट्रॉय औंसाचा भाव ठाऊक असल्यास त्याला ०.३७५ ने गुणून तोळ्याचा भाव आणि ३.११०३५ ने भागून दहा ग्रॅमचा भाव काढता येतो.

या रूपांतरात दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक औंसाची. किराणा मालासाठीचा इंग्रजी औंस २८.३५ ग्रॅमचा असून सोन्याचांदीसाठीचा ट्रॉय औंस त्याहून जवळजवळ दहा टक्क्यांनी जड आहे. पौंडाच्या बाबतीत मात्र उलट आहे: ट्रॉय पौंड १२ औंसांचा, म्हणजे ३७३.२४ ग्रॅमचा, तर नेहमीचा पौंड १६ औंसांचा, म्हणजे ४५३.५९ ग्रॅमचा असतो. दुसरी चूक तोळ्याचीच. मेट्रिक पद्धती आल्यानंतर महाराष्ट्रात बोलण्यात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला. त्यामुळे जुन्या काळच्या वहीत किंवा वाटणीच्या कागदात पाच तोळ्यांच्या पाटल्या अशी नोंद असेल, तर त्यांचे वजन ५० नव्हे, तर ५८.३२ ग्रॅम असते. आजच्या बोलीतील पाच तोळे धरून हिशेब केल्यास ८.३२ ग्रॅम सोने हिशेबाबाहेर राहते. म्हणूनच जुन्या नोंदी वाचताना तोळा कोणता, हे आधी ठरवणे आवश्यक असते.

स्मृती

प्रिन्सेप यांच्या स्मरणार्थ कलकत्त्यास हुगळीच्या काठी इ.स. १८४३ मध्ये उभारलेला स्तंभयुक्त घाट प्रिन्सेप घाट या नावाने ओळखला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉइल यांनी हिमालयातील एका काटेरी झुडपाच्या प्रजातीला त्यांच्या सन्मानार्थ प्रिन्सेपिया हे नाव दिले. त्यांनी जमवलेली प्राचीन नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांनी आग्रह धरलेला तोळा आता कायद्याचे एकक राहिलेला नाही. परंतु दक्षिण आशिया आणि आखाती देशांतील सोन्याच्या बाजारात दहा तोळ्यांची, म्हणजे ११६.६४ ग्रॅमची, सोन्याची लगड आजही त्याच १८० ग्रेनच्या मापाने ओतली जाते.